अर्धा गुण

लोकांसाठी हॉलचं दार साडेदहाला उघडतं.
त्याआधी दोन तास आत आम्ही तिघंच,
हत्तुरे सर, इराबत्ती बाई, मी
आणि एकशे बारा गुलाब,
एकेका बाटलीत एकेक, मान ताठ,
मुलाखतीला आलेल्या पोरांसारखे.
नावाच्या चिठ्ठ्या दुमडून पिना मारलेल्या.
गल्ली नाही, आडनाव नाही, नुसता आकडा.

मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही.
एकतीस वर्षं मिलच्या तपासणी खात्यात
चादर उजेडावर धरून दोष शोधले.
सुटलेला धागा, चुकलेला काठ, तेलाचा डाग,
दिसला की निळ्या खडूची फुली.
कुणाच्या मागावरची, ते विचारायचं नाही.
नरसप्पा मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलेलं,
"मागवाल्याचं तोंड आठवलं
की डोळ्यात वडस वाढतं."

इथंही तेच.
आकाराला तीस, रंगाला वीस,
देठ-पानाला वीस, ताजेपणाला वीस, मांडणीला दहा.
पाण्याला रकाना नाही.
नळ पाचव्या दिवशी येतो की बंगल्यामागं बोअर आहे,
हे फुलानं सांगायचं नसतं.
हत्तुरे सर एकदा म्हणालेले, रकाना हवा.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"मग फूल बघायचं का टँकर?"

सदतीस नंबरपाशी मी थांबलो.
गडद लाल, कडेला काळसर झाक,
मधला कोन उंच,
आणि बाहेरची एक पाकळी जरा मागं मुडपलेली,
अगदी माझ्या गच्चीवरच्या झाडाची खोड.
त्या झाडाचा डोळा मी एकालाच दिलाय,
रेल्वे लाइन्सच्या वैजनाथ म्हेत्रेला.
मीच भरला, मीच पट्टी बांधली.
काल संध्याकाळी शेंगाचटणीची पुडी देताना
तो म्हणालाही होता,
"उद्या बघ, ओळखणार नाहीस."

मी ओळखलं.

मग माझ्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला.
तो जागा होतो तेव्हा फार आवाज करतो.
सरांचे ब्याण्णव, बाईंचे ब्याण्णव,
माझ्याही पेन्सिलीच्या टोकाशी ब्याण्णवच होते.
मी लिहिले साडेएक्याण्णव.
कसं स्वच्छ वाटलं छातीत,
ऊन खाल्लेल्या टॉवेलसारखं.

साडेदहाला पिना निघाल्या.
पहिला, चौसष्ट नंबर, होटगी रोडचे कुणी डॉक्टर,
पाव गुणानं पुढं.
दुसरा, सदतीस.
कु. भाग्यलक्ष्मी अंबादास चिलका, विडी घरकुल.

म्हेत्रेचा गुलाब एकशे चारमध्ये होता,
दुपारपर्यंतही टिकेल न टिकेलसा.
त्याला मी खरंच ओळखलं नव्हतं.

पोरगी आली. चौदा-पंधराची.
मागं आई, तंबाखूनं पिवळी झालेली बोटं
पदरात लपवत.
तिन्ही तक्ते भिंतीवर लावलेले होते.
भांडायला नव्हती आली. वही-पेन घेऊन आली होती.
"सर, तुम्हीच अर्धा कमी दिलाय.
काय राहिलं?"

सांगता आलं असतं.
तुझ्या फुलात काही नाही, बाळ.
एवढंच.
पण माईकवर कुणीतरी आभार मानत होतं,
डॉक्टरांचा फोटो निघत होता,
हत्तुरे सर हातात चहा घेऊन जवळच उभे.
मी म्हणालो, "देठ. देठ जरासा..."
आणि हातानं हवेत एक वाक काढून दाखवला
जो कुठंच नव्हता.

तिनं लिहून घेतलं.
बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटून
बघत राहिली,
मी चादर बघायचो तशी.
दिसेना, तरी बघत राहिली.

आता वर्षभर
पाचव्या दिवसाच्या पाण्यातलं तांब्याभर
बाजूला काढून ती झाडाला घालेल,
आणि सरळ देठाला
काठी बांधत राहील.